आगिरे : माणसांवाचून गाणारा वृंद

१/ पडद्यावर आधी केवळ धुके दिसते. मग त्या धुक्यातून अँडीज पर्वताचा एक उभा कडा उलगडतो आणि त्याच्या अंगावरून मुंग्यांच्या रांगेसारखी माणसे खाली उतरू लागतात. चिलखते चढवलेले स्पॅनिश शिपाई, साखळदंडांत जखडलेले मूलनिवासी हमाल, पालखीतल्या स्त्रिया, डुकरे, लामा, तोफा. संवाद जवळजवळ नाहीत. ऐकू येतो तो एक प्रदीर्घ सूर. क्षणभर वाटते, दूर कुठे प्रार्थनागृहात वृंद गातो आहे. लक्ष देऊन ऐकले तर जाणवते की हा वृंद श्वासच घेत नाही.

२/ चित्रपटाचे नाव 'आगिरे, ईश्वरी कोप'. वर्ष १९७२, भाषा जर्मन, दिग्दर्शक वर्नर हर्झॉग. संगीत फ्लोरियान फ्रिके यांचे, म्हणजे त्यांच्या 'पोपोल वूह' या समूहाचे. पुढे १९७५ मध्ये 'आगिरे' याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. आजचा थ्रेड त्या सुरांविषयी आहे. मात्र वाटेत आपल्याला तीन 'साक्षीदार' भेटतील : एक चित्रपट, एक ध्वनिमुद्रिका आणि एक ग्रंथ. तिघांचीही उलटतपासणी करायची आहे.

३/ प्रथम खरा आगिरे. लोपे दे आगिरे हा बास्क प्रांतातील ओन्याती गावचा. जन्म १५११ च्या सुमारास. पेरूमध्ये शिपाईगिरी करण्यात त्याचे तारुण्य गेले, पायाला जखम होऊन तो लंगडा झाला आणि पन्नाशीला आला तरी हाती काही लागले नव्हते. १५६० मध्ये पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने पेद्रो दे उर्सुआ या सरदाराला 'ओमाग्वा' आणि 'एल दोरादो' या सुवर्णभूमींच्या शोधासाठी नदीमार्गे धाडले. सुमारे तीनशे स्पॅनिश आणि त्यांचे ओझे वाहणारे शेकडो मूलनिवासी. त्या तीनशेंत आगिरे होता, आणि त्याची तरुण मुलगी एल्विराही होती.

४/ सोने सापडले नाही. सापडले ते ताप, उपासमार आणि एकमेकांवरचा संशय. १ जानेवारी १५६१ रोजी कटवाल्यांनी उर्सुआचा खून केला आणि फर्नांदो दे गुझमान याला प्रमुख नेमले. पुढे त्याला चक्क पेरूचा राजा म्हणून मान्यता दिली. काही महिन्यांत तोही मारला गेला. आता सूत्रे उघडपणे आगिरेच्या हाती आली. जुलैमध्ये ही माणसे अटलांटिकला पोहोचली आणि त्यांनी मार्गारिता बेट ताब्यात घेतले.

५/ तिथून मुख्य भूमीवर उतरल्यावर आगिरेने राजा दुसरा फिलिप याला पत्र लिहिले. ते आजही वाचायला मिळते आणि वाचणाऱ्याला अस्वस्थ करते, कारण ते वेड्याचे बरळणे नाही. ज्यांच्या रक्तावर राज्य मिळाले त्या शिपायांना मोबदला नाही, न्यायाधीश आणि धर्मगुरू भ्रष्ट आहेत, म्हणून मी तुमची प्रजा राहत नाही, असा त्याचा आशय. तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्याचे हात रक्ताने माखलेले आहेत. २७ ऑक्टोबर १५६१ रोजी बार्किसिमेतो येथे राजाच्या सैन्याने त्याला घेरले. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याने एल्विराला स्वतःच्या हाताने मारले. मग तोही मारला गेला.

६/ ही कथा आपल्याला कळते ती मोहिमेतून वाचलेल्या लोकांच्या वृत्तांतांतून. त्यांत फ्रान्सिस्को वास्केझ या शिपायाचा वृत्तांत महत्त्वाचा. पण ध्यानात घ्या, हे लेखक स्वतः बंडात सामील होते. राजद्रोहाच्या आरोपातून मान सोडवण्यासाठी त्यांना सर्व पाप मेलेल्या आगिरेच्या माथी मारणे भाग होते. बखर वाचताना आपण विचारतो तोच प्रश्न इथेही लागू होतो : लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितो आणि त्याला काय लपवायचे आहे?

७/ याच वृत्तांतांत एक गोष्ट ओझरती येते. नदीच्या मुखाजवळ आगिरेने बरोबर आणलेल्या अनेक मूलनिवासी चाकरांना अनोळखी किनाऱ्यावर सोडून दिले. पर्वतापलीकडून आणलेली ही माणसे. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्यांच्यापैकी एकाचाही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. हा मुद्दा मनात ठेवा. शेवटी आपण इथेच परतणार आहोत.

८/ आता पहिला साक्षीदार : चित्रपट. आरंभीच एक पाटी सांगते की १५६० मध्ये गोन्झालो पिझारोच्या नेतृत्वाखाली मोहीम निघाली आणि तिची एकमेव खूण म्हणजे गास्पार दे कार्व्हाहाल या धर्मगुरूची रोजनिशी. दोन्ही माणसे खरी, विधान मात्र खोटे. गोन्झालो पिझारोचा १५४८ मध्येच शिरच्छेद झाला होता. कार्व्हाहाल अॅमेझॉनवर गेला हे खरे, पण तो १५४१-४२ च्या ओरेयानाच्या प्रवासात. आणि तो १५८४ पर्यंत जगला. हर्झॉग यांनी दोन मोहिमा एकत्र केल्या आणि रोजनिशी स्वतः रचली. त्यांनी ते कधी लपवलेही नाही.

९/ आगिरेविषयी एका पुस्तकात वाचलेल्या अर्ध्या पानावरून दोन-अडीच दिवसांत पटकथा लिहिली, असे ते सांगतात. चित्रपटाचा खर्च सुमारे ३ लाख ७० हजार डॉलर होता आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश नायक क्लाउस किन्स्की यांच्या मानधनात गेला, असे सांगितले जाते. चित्रीकरण एकाच कॅमेऱ्याने झाले. तो म्युनिकच्या चित्रपट-शाळेतून आपण परस्पर उचलला होता, ही कबुलीही हर्झॉग यांचीच. कोणताही मोठा स्टुडिओ पाठीशी नव्हता. निर्मितीसंस्था स्वतःची आणि साहाय्य एका प्रादेशिक जर्मन दूरचित्रवाणी केंद्राचे. स्वतंत्र चित्रपट म्हणतात तो असा.

१०/ नदीच्या खळाळात आणि तराफ्यांवर संवादांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण होणे कठीण होते. संवाद नंतर पुन्हा मुद्रित केले गेले. जर्मन आवृत्तीत आपल्याला ऐकू येतो तो आवाज किन्स्कींचा नाहीच. तो दुसऱ्या नटाचा आहे. म्हणजे या चित्रपटात ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, हे संवादांतही घडते. संगीतात तर आवाज कोणाचाच नाही.

११/ फ्लोरियान फ्रिके यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९४४ चा, बोडन सरोवराकाठच्या लिंडाऊ गावातला. हर्झॉग १९४२ चे. दोघेही युद्धाच्या ऐन भरात जन्मले आणि उद्ध्वस्त देशात वाढले. फ्रिके फ्रायबुर्ग आणि म्युनिक येथे पियानो शिकले, काही काळ त्यांनी वृत्तपत्रांसाठी चित्रपट-समीक्षाही लिहिली. हर्झॉग यांच्या १९६८ च्या पहिल्या कथापटात पियानोवर शोपँ वाजवणारा तरुण दिसतो, तो फ्रिकेच.

१२/ या पिढीची अडचण समजून घेतली पाहिजे. वडिलांच्या पिढीची गाणी आणि चित्रपट त्यांना नकोसे झाले होते, कारण त्या पिढीने काय केले होते हे त्यांना कळू लागले होते. अमेरिकन आणि ब्रिटिश रॉक उसना वाटत होता. १९६२ मध्ये ओबरहाउझेन येथे २६ तरुण चित्रपटकर्मींनी जुना जर्मन चित्रपट मेला असल्याचे जाहीर केले होते. संगीतातही १९७० च्या आसपास बर्लिन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ, म्युनिक येथले तरुण शून्यापासून आरंभ करू पाहत होते. ज्याला मागचा काही इतिहास नाही असा आवाज त्यांना हवा होता.

१३/ असा आवाज देणारे यंत्र उपलब्ध झाले होते. अमेरिकेतील रॉबर्ट मोग यांनी १९६४ मध्ये सिंथेसायझर घडवला. त्यात ना तार, ना पोकळी, ना कातडे. विद्युतदाबाच्या चढउताराने सुराची उंची, पोत आणि जोर ठरतो. निरनिराळे विभाग वायरींनी जोडून नाद 'बांधावा' लागतो. कपाटाएवढे मोठे आणि अतिशय महाग यंत्र, एका वेळी एकच सूर देणारे, खोली तापली की सुरातून उतरणारे. जर्मनीत ज्या मोजक्या लोकांकडे ते सर्वप्रथम आले, त्यांत फ्रिके होते.

१४/ त्याच्या आधारावर 'पोपोल वूह' उभा राहिला. सोबत तालवाद्ये वाजवणारे होल्गर ट्रुल्श आणि ध्वनीची बाजू सांभाळणारे फ्रँक फीडलर. १९७० मध्ये 'आफेनश्टुंडे' ही पहिली ध्वनिमुद्रिका आली, १९७१ मध्ये 'इन डेन गेर्टेन फाराओस'. मोगचा संथ, पाण्यासारखा पसरणारा नाद आणि खाली हातांनी वाजवलेली चर्मवाद्ये. पुढे ज्याला 'अँबिएंट' म्हणू लागले, त्या संगीताच्या आरंभखुणांमध्ये या दोन्हींची गणना होते.

१५/ आणि इथेच वळण येते. यश दिसू लागले असतानाच फ्रिके त्या यंत्रापासून दूर झाले. १९७२ च्या 'होसियाना मंत्र' मध्ये पियानो आहे, गिटार आहे, ओबो आहे, जोंग युन या कोरियन गायिकेचा आवाज आहे. मोग जवळजवळ नाही. शीर्षकात बायबलमधला जयघोष आणि संस्कृत 'मंत्र' शेजारी बसले आहेत. भक्तीचे संगीत माणसाच्या श्वासातून यावे, अशी त्यांची धारणा होत चालली होती. पुढे त्यांनी तो मोग क्लाउस शुल्झ या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराला दिला.

१६/ 'आगिरे'चे संगीत नेमके या उंबरठ्यावरचे आहे. एक पाय यंत्रात, एक माणसात. हर्झॉग यांना हवा होता असा नाद जो मानवी वाटेल आणि तरीही मानवी नसेल. त्यासाठी फ्रिके यांनी जे वाद्य वापरले त्याला म्युनिकमध्ये 'कॉयर-ऑर्गन' म्हणत. तिथल्याच 'आमोन ड्यूल २' या समूहाच्या ध्वनिमुद्रिकेवरही हे नाव आढळते. अनेक श्रोते आजही त्या सुरांना मोग किंवा मेलोट्रॉन समजतात.

१७/ फरक समजून घेऊ. मेलोट्रॉन हे १९६३ पासून बर्मिंगहॅममध्ये बनू लागलेले वाद्य. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. त्यावर बासरी, व्हायोलिने किंवा वृंदगान मुद्रित केलेले. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. मग बोट उचलावेच लागते. म्हणजे नकळत का होईना, मेलोट्रॉनला श्वास घ्यावा लागतो.

१८/ कॉयर-ऑर्गनमध्ये, हर्झॉग सांगतात त्यानुसार, सुमारे तीन डझन फिती एकाच वेळी, गोलाकार वेटोळ्यांत अखंड फिरत असत. प्रत्येक फितीवर गायकांनी धरलेला एकेक सूर. वेटोळ्याला टोक नाही, म्हणून सुराला शेवट नाही. कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, खरी माणसे एक सूर लावून उभी राहिली होती. ती घरी गेली. त्यांचा सूर मात्र यंत्रात घुमत राहिला. ज्यांच्या छात्या कधी रिकाम्या होत नाहीत असा वृंद तयार झाला.

१९/ आता पुन्हा पहिले दृश्य आठवा. एरवी ऐतिहासिक चित्रपटात अशा ठिकाणी रणवाद्ये वाजतात आणि ती सांगतात की हे वीर आहेत. इथे सूर कोणाचीच बाजू घेत नाही. शिपाई, हमाल आणि डुकरे त्याला सारखीच. संगीत त्या माणसांकडे जणू फार उंचावरून, फार नंतरच्या काळातून पाहते. त्यांचा शेवट त्याला आधीच ठाऊक आहे. अखेरीस तराफ्यावर प्रेते आणि इवली माकडे उरतात, आगिरे साम्राज्याची भाषा बोलत असतो आणि तेच सूर परत येतात. त्यांच्यात काहीही बदललेले नसते.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध झाले पाहिजे. तारखा चुकीच्या, माणसे चुकीची, रोजनिशी बनावट. तरीही चित्रपट संपताना आपल्याला वाटते की सोळावे शतक आपण पाहून आलो. ही खात्री पुराव्यातून आलेली नाही. ती मोठ्या प्रमाणात कानातून आली आहे. सन चुकला तर आपण कागदावर पकडू शकतो. सुराने मनात पेरलेली खात्री पकडायला कागद कामाचा नाही.

२१/ दुसरा साक्षीदार : ध्वनिमुद्रिका. तिचे नाव 'आगिरे', वर्ष १९७५. साहजिकच आपण समजतो की हे चित्रपटाचे संगीत. पण चित्रपटाचे म्हणता येतील असे सूर तिच्यात मुख्यतः 'आगिरे १' आणि 'आगिरे २' या दोनच रचनांत आहेत. बाकीचा ऐवज १९७२ ते १९७४ या काळातला : 'मॉर्गनग्रुस' आणि 'आग्नुस दाइ' या तर १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेतल्या रचनांच्या वेगळ्या आवृत्त्या, ज्यांत गिटार आघाडीवर आहे. शेवटी 'फेरगेगेनव्हेर्टिगुंग' ही प्रदीर्घ रचना येते. ती त्यांच्या आधीच्या मोग-काळाच्या वळणाची.

२२/ म्हणजे एका जिल्दीत निरनिराळ्या काळांची पाने बांधलेली आहेत. आपल्या जुन्या दप्तरांतही असे घडते : रुमाल एका सालाचा म्हणून सोडावा आणि आत वेगळ्याच सालांची पत्रे निघावीत. यात फसवणूक आहे असे नाही. चित्रपटाचे मूळ संगीत काही मिनिटांचे, त्यावर तबकडीच्या दोन बाजू भरणार नव्हत्या. पण म्हणूनच या मुद्रिकेवरून '१९७२ चे चित्रपटसंगीत असे होते' असा निष्कर्ष काढणे चूक. तिच्यातून उलट एक वेगळीच गोष्ट कळते : तीन-चार वर्षांत एक संगीतकार यंत्राकडून माणसाकडे कसा सरकला.

२३/ 'आगिरे १' च्या शेवटाकडे वृंद विरतो आणि अँडीजमधली नळ्यांची बासरी ऐकू येते. चित्रपटातही एक मूलनिवासी वादक ती वाजवतो. सैनिक थकून बसलेले, तो फुंकर घालत राहतो. साऱ्या संगीतात स्पष्टपणे श्वास घेणारा असा हा एकच आवाज. विजेत्यांच्या डोक्यावर निर्जीव वृंद आणि ज्याच्या गळ्यात साखळी त्याच्या ओठी सजीव स्वर. हे ठरवून झाले की ओघात, हा प्रश्न बाजूला ठेवू. ऐकणाऱ्याला ते जाणवते एवढे खरे.

२४/ तिसरा साक्षीदार : समूहाचे नाव. 'पोपोल वूह' हा ग्वाटेमालातील किचे माया लोकांचा ग्रंथ. विश्वोत्पत्ती, मक्याच्या पिठापासून घडलेली माणसे, पाताळाच्या अधिपतींशी चेंडू खेळणारे जुळे वीर आणि किचे राजांच्या वंशावळी त्यात आहेत. स्पॅनिश विजयानंतर, जुन्या लिपीतील पोथ्या जाळल्या जात असताना, किचे सरदारांनी तो रोमन लिपीत उतरवला. काळ साधारण १५५४ ते १५५८. आगिरेचे बंड १५६१ चे. एकाच दशकात, एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, एक माणूस राज्य मिळवण्यासाठी सर्वस्व जाळत होता आणि काही माणसे हरलेल्या राज्याची स्मृती लिहून ठेवत होती.

२५/ ते मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. १७०१ ते १७०३ च्या दरम्यान चिचिकास्तेनांगो येथे फ्रान्सिस्को हिमेनेस या डोमिनिकन धर्मगुरूने त्याची नक्कल केली आणि शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. ती प्रत आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. म्हणजे किचे लोकांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला तो ज्या धर्माने त्यांच्या पोथ्या जाळल्या त्याच धर्माच्या एका पुरोहिताच्या लेखणीतून. म्युनिकच्या तरुणाच्या हाती तो आला तेव्हा त्याने आणखी काही भाषा ओलांडल्या होत्या.

२६/ इथे एक आक्षेप नोंदवायलाच हवा. किचे लोक ग्वाटेमालाचे, चित्रपट पेरू आणि अॅमेझॉनचा. मध्ये हजारो किलोमीटर आणि पूर्णपणे निराळ्या भाषा. युरोपच्या कल्पनेत हे सारे एकाच 'प्राचीन अमेरिके'त मिसळते. समूहाने ग्रंथाचे नाव घेतले ते श्रद्धेने, पण त्या लोकांचे संगीत त्याच्या सुरांत नाही. आदराने उचललेली गोष्टही उचललेलीच असते, हे तरुण अभ्यासकांनी विसरू नये.

२७/ पुढची वाटचाल थोडक्यात. फ्रिके आणि हर्झॉग यांची जोडी 'हार्ट ऑफ ग्लास', 'नोस्फेरातू', 'फिट्झकाराल्डो' आणि १९८७ च्या 'कोब्रा व्हेर्डे'पर्यंत टिकली. १९७४ च्या कास्पार हाउझरवरील चित्रपटात फ्रिके पुन्हा पडद्यावर आले, अंध पियानोवादक म्हणून. २९ डिसेंबर २००१ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. तोवर 'आगिरे'चे ते मोजके सूर त्यांच्या इतर सर्व कामापेक्षा प्रसिद्ध झाले होते; ज्या यांत्रिक नादापासून ते दूर गेले, त्याच्याच काठावरचे.

२८/ आता सातव्या भागातल्या त्या किनाऱ्यावर परत येऊ. सोडून दिलेल्या माणसांचे शब्द ना वास्केझच्या वृत्तांतात, ना आगिरेच्या पत्रात, ना चित्रपटात. ती पोकळी कोणतीही कला पुराव्याने भरून देऊ शकत नाही. कॉयर-ऑर्गनही देत नाही. पण शरीरे नाहीशी झाल्यावर मागे राहिलेले आवाज कसे असतील, याची एक कल्पना तो देतो. आणि ही कल्पना आहे, दस्तऐवज नव्हे, हे आपण जाणून असलो तर तिचे मोल कमी होत नाही.

२९/ म्हणून एक सुचवणी. आधी 'आगिरे १' शांतपणे, डोळे मिटून ऐका. मग आगिरेचे फिलिपला लिहिलेले पत्र वाचा. त्यानंतरच चित्रपट पाहा. या क्रमाने गेलात तर कुठे पुरावा बोलतो आणि कुठे सूर, हे तुमचे तुम्हालाच ओळखू येऊ लागेल. एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाच्या संगीताने तुमची अशी खात्री पटवली असेल आणि नंतर कागदपत्रांनी ती मोडली असेल, तर तो अनुभव खाली अवश्य लिहा. थ्रेड समाप्त.